नाव एकाचे, हात दुसऱ्याचा

परवा बी.ए.च्या वर्गात जपानचा मध्ययुगीन इतिहास शिकवत होते. क्योतोत सम्राट आणि कामाकुरात शोगुन, अशी दोन नावे फळ्यावर लिहिली. सम्राटाकडे मान, शोगुनकडे सैन्य. सम्राटाने पदवी द्यायची आणि शोगुनने राज्य करायचे. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, शोगुनकडे एवढी फौज होती, तर तो स्वतःच राजा का नाही झाला?"

प्रश्न फार चांगला होता. पुस्तकात त्याचे उत्तर दोन ओळींत आहे, पण ते वाचून दाखवावेसे वाटले नाही. मी म्हटले, "याचे उत्तर जपानपेक्षा जवळ आहे. रविवारी अष्टूरला या."

अष्टूर म्हणजे आपल्या बीदरपासून चार-दोन किलोमीटरवरचे गाव. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेच असेल. अहमदशाह वलीच्या उरुसाला तिथे मुसलमान येतात, लिंगायत येतात. कुणी त्याला वली म्हणतो, कुणी अल्लमप्रभू मानतो. गुलबर्गा जिल्ह्यातील जंगमाला त्या उरुसात मान असतो. असा हा आपला सुलतान. त्याच्या कबरीचा घुमट, आतली रंगीत नक्षी, सोनेरी अक्षरे पाहून मुले हरखून गेली. मग मी त्यांना रांगेने पुढे नेले. जसजसे आपण शेवटच्या सुलतानांकडे जातो तसतशी इमारत लहान होत जाते. वलीउल्लाह आणि कलीमुल्लाह यांच्या कबरी तर इतक्या साध्या, की सांगितल्याशिवाय ती राजाची कबर आहे हे कळू नये. मुलीला म्हटले, "हे आपले क्योतो. आता नांदेड रस्त्याला चल, तुला आपला शोगुन दाखवते."

बहामनी राज्य 1347 मध्ये सुरू झाले, राजधानी गुलबर्गा. अहमदशाहाने ती बीदरला आणली. राज्याचे चार भाग होते, त्यांना तरफ म्हणत, आणि प्रत्येकावर एक तरफदार. वसुली त्याची, फौज त्याची, किल्ले त्याचे. आता जपान पाहा. मिनामोतो योरितोमोने 1185 पासून प्रांताप्रांतांत शुगो नेमले आणि गावोगावच्या जहागिरींवर जितो. 1192 मध्ये सम्राटाने त्याला शोगुन ही पदवी दिली. त्याच्या सरकारला बाकुफू म्हणतात. मूळ अर्थाने तो सेनापतीचा तंबू. म्हणजे तंबूतले सरकार. शुगो हा आपल्या तरफदाराचा भाऊ समजा, आणि जितो म्हणजे बराचसा आपला देशमुख, देसाई. वरचे राज्य बदलले तरी हा गावातच. आपल्याकडेही बहामनी गेले, बरीदशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल आले, निजाम आला, पण देशमुखी आणि देशपांडेपणाची वतने कित्येक घराण्यांत तशीच चालत राहिली. ज्याच्या हाती धान्याची वसुली त्याच्या हाती माणसे, आणि ज्याच्या हाती माणसे त्याला वरच्यांनी विचारलेच पाहिजे, हा हिशोब दोन्हीकडे सारखा.

या व्यवस्थेत एक खोट आहे. ज्याला आपण आपल्या वतीने फौज ठेवायला सांगतो, तो एक दिवस ती आपल्यासाठी ठेवणे बंद करतो. ही खोट आपल्या बीदरमध्ये एका माणसाने वेळीच ओळखली होती. तो महमूद गवान. इराणच्या गिलानचा हा व्यापारी बीदरला आला आणि वजीर झाला. 1472 चा त्याचा मदरसा आजही उभा आहे. अर्धा पडलेला असला तरी त्याच्या मनोऱ्यावरची निळी फरशी उन्हात चमकते. गवानने चार तरफांचे आठ केले. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट किल्लेदार नेमायचे ठरवले. प्रत्येक तरफेतली काही जमीन सरकारी खालसा केली. जमिनीची मोजणी सुरू केली. जितके सैनिक दाखवले तितके नसतील तर पैसे कापायचे, असा नियम केला. जपानमध्ये त्याच सुमारास, 1467 मध्ये, शुगोंची आपसांत ओनिनची लढाई पेटली. दहा वर्षे चालली आणि क्योतो शहराची राख झाली. तिथे जे अडवायला कुणी उरले नव्हते, ते इथे अडवायचा प्रयत्न एक वजीर करत होता.

अर्थातच तरफदारांना तो नको झाला. मग काय केले? त्याच्याशी लढाई केली नाही. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवले. कोऱ्या कागदावर गवानची मोहोर उमटवून घेतली. त्यावर ओरिसाच्या राजाला बोलावणारे पत्र लिहिले आणि सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहापुढे ठेवले. मोहोर माझी आहे पण पत्र माझे नाही, असे गवानने सांगितल्याचे फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. सुलतानाने ऐकले नाही. 1481 मध्ये गवानचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी सुलतानही गेला आणि बारा वर्षांचा महमूदशाह गादीवर बसला.

इथून पुढे बीदरचा क्योतो झाला. 1490 च्या सुमारास अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाडचे तरफदार आपापले झाले, पुढे गोवळकोंडाही गेले. खुद्द बीदरमध्ये सगळी सूत्रे कासीम बरीदच्या हाती गेली. 1504 मध्ये तो गेल्यावर त्याचा मुलगा अमीर बरीद आला. याला लोक दख्खनचा कोल्हा म्हणत. महमूदशाह 1518 मध्ये वारला. त्यानंतर नऊ-दहा वर्षांत अमीर बरीदने चार सुलतान गादीवर बसवले : अहमद, अलाउद्दीन, वलीउल्लाह, कलीमुल्लाह. पण स्वतः बसला नाही!

मुलीचा प्रश्न तोच होता ना? का नाही बसला?

कारण विजापूरचा आदिलखान, अहमदनगरचा निजाम आणि अमीर बरीद हे सगळे कालपर्यंत एकाच दरबारातले चाकर. बरोबरीचा माणूस उद्या सिंहासनावर बसला तर त्याच्यापुढे कोण मान लववणार? उलट सगळे मिळून त्याच्यावर चालून येतील. बहामनी सुलतानाच्या नावाने हुकूम काढला तर तो निदान हुकूम असतो, स्वतःच्या नावाने काढला तर ते फक्त शेजाऱ्याचे पत्र. म्हणून नाव जपायचे. खुत्बा त्याच्या नावाचा, नाणे त्याच्या नावाचे, आणि खजिन्याची किल्ली आपल्या कमरेला. शोगुनचेही हेच. सम्राट सूर्यदेवीच्या वंशातला मानला जाई, पदव्या देण्याचा अधिकार त्याचाच. त्याला बाजूला सारले तर शोगुन हा दहा सरदारांतला एक सरदार. त्याच्याकडून पदवी घेतली की तो दहांच्या वरचा.

बरे, ज्याच्या नावाने हे सगळे चालायचे, त्याची अवस्था काय होती? फेरिश्ता सांगतो की अहमदशाहाला खर्चाला पुरेना, तेव्हा त्याने बहामनी मुकुट मोडून त्यातली रत्ने विकली. कलीमुल्लाहने बाबराला गुप्तपणे पत्र लिहून मदत मागितली. ते फुटले, तेव्हा जिवाच्या भीतीने तो आधी विजापूरला आणि मग अहमदनगरला पळाला. तिथेच वारला. त्याच काळात क्योतोत काय चालले होते पाहा. 1500 मध्ये एक सम्राट वारला, तर अंत्यविधीला पैसे नाहीत म्हणून त्याचे शव चाळीसएक दिवस पडून राहिले. त्याचा मुलगा गो-काशिवाबारा गादीवर आला, पण राज्याभिषेकाचा खर्च जमायला एकवीस वर्षे लागली, तो 1521 मध्ये झाला. त्याच्या मुलाला, गो-नाराला, दहा वर्षे थांबावे लागले. म्हणजे अमीर बरीद बीदरमध्ये एकामागून एक सुलतान बदलत होता, तेव्हा हजारो मैलांवर दुसरा एक राजा वर्गणी जमण्याची वाट पाहत बसला होता. दोघांची भेट झाली असती तर एकमेकांचे दुःख सांगायला त्यांना दुभाष्या लागला नसता.

आणि गंमत अशी की हात म्हणवणाऱ्याचाही पुढे नाव होतो. जपानमध्ये 1219 मध्ये तिसऱ्या शोगुनचा खून झाल्यावर खरी सत्ता होजो घराण्याच्या कारभाऱ्यांकडे गेली. सम्राट नावाचा, त्याने नेमलेला शोगुनही नावाचा, आणि राज्य तिसऱ्याचे. आपल्याला हे नवीन का वाटावे? साताऱ्यात छत्रपती, पुण्यात पेशवे. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यायची. 1774 मध्ये सवाई माधवरावांना ती वस्त्रे मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते! कारभार बारभाईंचा आणि पुढे नाना फडणविसांचा. दिल्लीचा बादशाह शाहआलम, त्याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि त्यांच्या वतीने दिल्ली सांभाळायचे महादजी शिंदे. आपल्या निजामाचेच घ्या ना. 1724 पासून हैदराबाद त्याचे, पण नाणी 1857 पर्यंत दिल्लीच्या बादशाहाच्या नावाने पडत होती. कन्नडात आपण "हेसरिगे मात्र" म्हणतो, मराठीत "नावापुरता". दोन्ही भाषांना हा शब्द रोज लागतो, त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे.

नांदेड रस्त्यावर अली बरीदच्या कबरीजवळ आम्ही डबे सोडले. चारी बाजूंनी उघडी, उंच आणि देखणी अशी ती इमारत. अमीर बरीदचा हा मुलगा. बरीद घराण्यात शाह ही पदवी पहिल्यांदा यानेच लावली. म्हणजे अर्धशतकभर वाट पाहून हाताने शेवटी नाव घेतले. 1619 मध्ये विजापूरकरांनी बीदर घेतले आणि तेही संपले. भाकरी खाता खाता ती मुलगी म्हणाली, "मग मॅडम, हे वाईट की चांगले?"

या प्रश्नाचे उत्तर मला तिथे नीट देता आले नाही. ते मला आठवडाभराने माझ्या मावशीने दिले.

माझी मावशी भालकीकडच्या एका खेड्यात राहते. गावाचे नाव सांगत नाही. मराठी चौथी शिकलेली. कन्नड फडाफडा बोलते, पण कन्नड अक्षर वाचता येत नाही. गावात महिलांसाठी राखीव जागा आली तेव्हा घरच्यांनी तिला उभे केले. निवडूनही आली आणि अध्यक्षेही झाली. सत्कार झाला, शाल आली, भिंतीवर फोटो लागला. कारभार मात्र माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, पाहू लागला. पंचायतीचे पैसे निघायला अध्यक्षाची आणि पीडीओची डिजिटल सही लागते. ती सही एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते. मावशीचे डोंगल दादाच्या शर्टाच्या खिशात. मीटिंगला दादाच जायचा. लोकही त्यालाच अध्यक्ष म्हणायचे. मावशी म्हशींचे पाहायची. कुणालाच यात काही चूक वाटत नव्हती. खरे सांगते, मलाही नाही. दादा स्वभावाने चांगला, गावाच्या उपयोगी पडणारा माणूस.

त्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आवाज घाबरलेला. एका गटाराचे बिल पूर्ण निघाले होते आणि गटार मात्र अर्धेच झाले होते. वरून नोटीस आली होती. नोटीस कन्नडात. दादा गावाला गेलेला. तिने कन्नड शाळेत सहावीत शिकणाऱ्या नातीला वाचायला सांगितले. नात अडखळत वाचत होती, आणि दर दोन ओळींनी आजीचे नाव येत होते. दादाचे नाव कुठेच नव्हते.

"अगं, मी कुठं काय केलंय गं?" मावशी म्हणाली. "मला तर ते गटार कुठल्या गल्लीत आहे ते पण ठाऊक नाही."

रविवारी मी गेले. तिला काय सांगावे ते सुचेना, म्हणून मास्तरकीच्या सवयीने महमूद गवानची गोष्ट सांगितली. तिने मदरसा पाहिला होता, पण ही गोष्ट ऐकली नव्हती. कोऱ्या कागदावर मोहोर उमटवल्याचे सांगितले तेव्हा तिने दळण निवडायचे थांबवले. विचारले, "शिक्का त्यानं नोकराकडं दिला होता?"

"हो."

"मग मान त्याचीच जाणार की," ती म्हणाली. "नोकराची कशी जाईल? कागदावर नाव कुणाचं?"

वाचकहो, मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे असे मला वाटते. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, हे नेहमीच वाईट असते असे नाही. आपली राज्यघटनाच पाहा. केंद्र सरकारचे सगळे हुकूम राष्ट्रपतींच्या नावाने निघतात. तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापतीही राष्ट्रपतीच. पण चालवते मंत्रिमंडळ. मग शोगुन आणि पंतप्रधान यांत फरक काय? फरक असा की, हा हात कुणाचा आहे ते घटनेत लिहिलेले आहे आणि त्या हाताला लोकसभेत उभे राहून उत्तर द्यावे लागते. पाच वर्षांनी लोकांपुढे यावे लागते. अमीर बरीदला कुणापुढे यायचे होते? सुलतान चुकला तर सुलतान बदलायचा, अमीर बरीद मात्र तिथेच.

जपानला ही गोष्ट फार महागात पडली. 1868 मध्ये शोगुन गेला आणि सत्ता सम्राटाला परत मिळाली असे पुस्तकात आपण लिहितो. प्रत्यक्षात सम्राटाचे नाव नव्या माणसांच्या हाती आले. 1889 च्या घटनेने सैन्याची आज्ञा थेट सम्राटाकडे ठेवली, मंत्रिमंडळाकडे नाही. त्याचा अर्थ लष्कराने असा घेतला की आम्ही सम्राटाशिवाय कुणालाच उत्तर देणार नाही. आणि सम्राट तर बोलत नसे. 1931 मध्ये मांचुरियात लष्कराने टोकियोतल्या सरकारला न विचारता लढाई सुरू केली. पुढचे महायुद्ध सगळ्यांना माहीत आहे. ते संपल्यावर जबाबदार कोण याचा शोध सुरू झाला, तेव्हा ज्याच्या नावाने सगळे झाले त्याच्यावर खटलाच चालला नाही. लाखो माणसे मेली, आणि नाव म्हणाले हात माझा नव्हता, हात म्हणाले हुकूम आमचा नव्हता. 1947 च्या घटनेत सम्राट फक्त राष्ट्राचे प्रतीक राहिला आणि मंत्री बिगरलष्करीच हवेत असे लिहिले गेले.

आपल्या पंचायतीत मात्र अजून उलटेच आहे. इथे निवडून येते ती बाई, उत्तर तिने द्यायचे, नोटीस तिला, आणि डोंगल दुसऱ्याच्या खिशात. कर्नाटकात 2010 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. म्हणजे प्रत्येक गावात हा प्रश्न कुणाच्या तरी आईचा, सुनेचा, बहिणीचा आहे. तुमच्या घरातही असेल. आणि फक्त पंचायतच कशाला? सातबारा एकाच्या नावाचा आणि कर्ज दुसऱ्याने उचललेले, दुकानाचा परवाना बायकोच्या नावाचा आणि धंदा नवऱ्याचा, बचत गटाच्या कोऱ्या विड्रॉल स्लिपवर अंगठा. विश्वास म्हणून आपण करतो. गवाननेही नोकरावर विश्वासच ठेवला होता.

दादा परत आल्यावर घरात चांगलीच वादावादी झाली. तो रागाने म्हणाला, "मी काय पैसे खाल्लेत का?" खाल्ले नसतीलही. कंत्राटदाराने काम पूर्ण झाले म्हणून सांगितले आणि याने खातरजमा न करता पैसे सोडले, असे तो म्हणतो. मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण मावशीचे म्हणणे एकच होते. "तू चांगला आहेस रे. पण माझं नाव मला दे."

डोंगल आता तिच्याकडे आहे. पेटीच्या किल्लीबरोबर दोऱ्यात ओवून कमरेला खोचते. पुढच्या मीटिंगला ती स्वतः गेली. समोर आलेल्या प्रत्येक कागदाला "कन्नडात वाचून दाखवा, मग मराठीत सांगा," असे पीडीओला म्हणाली. दोन तासांची मीटिंग साडेचार तास चालली आणि काही सभासद चिडून उठून गेले. गटार स्वतः जाऊन पाहिले. उत्तर लिहून दिले आहे, त्यात काय चुकले तेही लिहिले आहे. त्याचे काय होईल ते अजून ठरायचे आहे, आणि तिला झोप लागत नाही. दादा आठवडाभर जेवताना बोलत नव्हता. आता बोलतो.

नातीला मात्र नवे काम लागले आहे. रोज संध्याकाळी ती आजीला कन्नड मुळाक्षरे शिकवते. मागच्या रविवारी गेले तेव्हा पाटीवर मावशीचे नाव होते, तिने स्वतः कन्नडात लिहिलेले. पहिले अक्षर थोडे वाकडे आले होते. मी म्हटले, "छान आलंय." तर म्हणाली, "अजून सही नाही जमत. जमली की मग बघू कोण खिशात घालतंय ते."